लीट्रिम काउंटी

लीट्रिम ही आयर्लंड प्रजासत्ताकाच्या वायव्य भागातील, कोनॉक्ट प्रांतात मोडणारी सीमावर्ती काउंटी आहे. कॅरिक-ऑन-शॅनन हे तिचे मुख्य ठिकाण होय. २०२२ च्या जनगणनेनुसार तिची लोकसंख्या ३५,१९९ असून देशातील सर्व काउंट्यांमध्ये ती सर्वांत कमी आहे. मूळ आयरिश नावाचा अर्थ 'करडा डोंगरकणा' असा होतो.

भूगोल

काउंटीचे क्षेत्रफळ सुमारे १,५९० चौ. किमी आहे. ईशान्येस उत्तर आयर्लंडमधील फरमॅना काउंटीशी तिची आंतरराष्ट्रीय सीमा भिडते. शॅनन नदीवरील ॲलन सरोवरामुळे तिचे उत्तर व दक्षिण असे दोन भाग पडतात. तुलॅहनजवळचा तिचा किनारा जेमतेम ४ किमी लांबीचा असून समुद्रकाठच्या आयरिश काउंट्यांत तो सर्वांत आखूड आहे. चिकणमातीत पाणी मुरत नसल्याने येथे धान्यशेतीपेक्षा गुरेपालन अधिक चालते.

इतिहास

मध्ययुगात हा प्रदेश ब्रेफ्ने राज्याचा भाग होता व येथे ओ'रूर्क घराण्याची सत्ता होती. १५८८ मध्ये फुटलेल्या स्पॅनिश आरमारातील खलाशांना आश्रय देणाऱ्या ब्रायन ओ'रूर्क यांना १५९१ मध्ये लंडन येथे फाशी देण्यात आली. १९१६ च्या उठावातील घोषणापत्रावर स्वाक्षरी करणाऱ्या सात जणांपैकी शॉन मॅक डिअरमाडा हे किल्टीक्लॉहर परिसरातील होते.

१८४१ मध्ये येथे सुमारे १,५५,००० लोक राहत. १८४५ पासून बटाट्याच्या पिकावर पडलेल्या रोगामुळे महादुष्काळ ओढवला. मृत्यू व स्थलांतर यांमुळे सुरू झालेली घट दीडशे वर्षे टिकली आणि १९९६ मध्ये लोकसंख्या सुमारे २५,००० वर आली. त्यानंतर ती पुन्हा वाढू लागली.

सीमेचे परिणाम

फाळणीनंतर उत्तर लीट्रिममधील गावे फरमॅनातील आपल्या बाजारपेठांपासून तुटली. मॅनरहॅमिल्टनमार्गे एनिस्किलन व स्लायगो यांना जोडणारा लोहमार्ग १९५७ मध्ये बंद पडला. उत्तर आयर्लंडमधील संघर्षाच्या काळात ब्रिटिश सैन्याने सीमेवरील अनेक लहान रस्ते अडवले होते. शांतताप्रक्रियेनंतर ते खुले झाले. १९९४ मध्ये पुन्हा सुरू झालेला शॅनन–अर्न जलमार्ग आता दोन्ही बाजूंना जोडतो.

नैसर्गिक संसाधने

स्लीव्ह ॲन इअरन म्हणजे 'लोखंडाचा डोंगर'. येथील खनिज वितळवण्यासाठी लाकडी कोळसा वापरला जाई व त्यापायी जंगले तोडली गेली. शेजारच्या रॉसकॉमनमधील अरिग्ना येथील दगडी कोळशाच्या खाणी १९९० मध्ये बंद झाल्या. भूगर्भातील वायू खडक फोडून काढण्याच्या योजनेस पाणी व शेती यांच्या रक्षणासाठी स्थानिकांनी विरोध केला. २०१७ मध्ये आयर्लंडने जमिनीवरील अशा उत्खननावर कायद्याने बंदी घातली. शेतजमिनींवर होणारी सिटका स्प्रूस वृक्षांची लागवड हा सध्याचा वादाचा विषय आहे. वनीकरणामुळे वस्ती आणखी विरळ होईल, अशी अनेक रहिवाशांची भीती आहे.

अभ्याससाधने

डब्लिनमधील सार्वजनिक अभिलेखागार १९२२ मध्ये जळाल्याने आयर्लंडची बरीच जुनी कागदपत्रे नष्ट झाली. त्यामुळे लीट्रिमच्या अभ्यासकांना १९०१ व १९११ च्या जनगणनांची पत्रके, जमीन-मूल्यांकनाच्या नोंदी आणि चर्चमधील नोंदवह्या यांवर विसंबावे लागते. काउंटी ग्रंथालय व वंशावळी केंद्र बॅलिनामोर येथे असून परदेशी गेलेल्या कुटुंबांचे वंशज तेथे आपल्या पूर्वजांचा शोध घेतात.