बंधारा, गाळ आणि करकोचे

क्रौंच पक्षी आमच्या वाङ्मयास नवा नव्हे. व्याधानें क्रौंचमिथुनांतील नर मारला व त्या शोकांतून श्लोक जन्मास आला, अशी आदिकाव्याची उत्पत्ति सांगतात. कालिदासानें ‘मेघदूतां’त हिमालयांतील क्रौंचरंध्रास हंसांचें द्वार म्हटलें आहे, म्हणजे पक्षी पर्वत ओलांडून ये-जा करतात, हें आमच्या पूर्वजांस ठाऊक होतें. हिवाळ्यांत महाराष्ट्रांत उतरणारा करकोचा याच क्रौंचकुळांतील होय. मंगोलिया व मध्य आशिया येथील गवताळ मैदानांत त्याची वीण होते. शरदांत त्याचे कांहीं थवे नेपाळांतील काली गंडकीच्या दरीवरून दक्षिणेस येतात.

हा मार्ग पुरातन खरा. परंतु त्यावरील कांहीं उतारे अगदीं अलीकडचे आहेत, हें सहसा ध्यानांत येत नाहीं. नाशिक जिल्ह्यांतील नांदूर मध्यमेश्वराचेंच उदाहरण घ्या. तेथें गोदावरी व कादवा यांच्या संगमावर, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंतील कोरड्या मुलखास कालव्यांनीं पाणी मिळावें म्हणून, विसाव्या शतकाच्या आरंभीं बंधारा घालण्यांत आला. बांधणाऱ्यांच्या मनांत पक्षी नव्हते. परंतु दर पावसाळ्यांत नद्यांनीं आणलेला गाळ बंधाऱ्यामागें सांचत गेला. जलाशय उथळ झाला, बेटें वर आलीं, लव्हाळे माजले. पाटबंधाऱ्याच्या हिशेबांत जी तूट, तीच पक्ष्यांच्या खात्यावर जमा झाली.

कारण पाणपक्ष्यांस पाण्याचा मोठा सांठा नको असतो. बेताची खोली हवी असते. चमचा आपली चपटी चोंच उथळ पाण्यांत फिरवून भक्ष्य शोधतो. थापट्या पाण्याच्या पृष्ठभागावरील सूक्ष्म जीव गाळून घेतो. करकोचा दिवसां कापणी झालेल्या शेतांत दाणे टिपतो व रात्रीं उथळ पाण्यांत उभा राहून झोंप घेतो. भोंवतालचें पाणी हाच त्याचा कोट.

१९८६ सालीं येथें अभयारण्य झालें. इराणांतील रामसर येथें १९७१ सालीं झालेल्या करारान्वये महत्त्वाच्या पाणथळांची जी यादी ठेवली जाते, तींत या स्थळाचा समावेश झाल्याचें २०२० सालीं जाहीर झालें. महाराष्ट्रांतील हें त्या यादींतलें पहिलें स्थळ.

हा मान भूषणावह असला, तरी त्यानें मूळचा पेंच सुटत नाहीं. गाळ सरसकट उपसला, तर पक्ष्यांचा उतारा बुडेल. तसाच वाढूं दिला, तर पाणथळाची कोरडी जमीन होईल आणि शेतकऱ्याचें पाणीहि घटेल. शेतकऱ्याची मागणी न्याय्य आहे, आणि तिच्यापायींच हा बंधारा झाला, हें विसरून चालणार नाहीं. तेव्हां गाळ कोठें काढावा, कोठें राखावा आणि हिवाळ्यांत पाण्याची पातळी किती ठेवावी, हा निर्णय दोघांचेंहि हित पाहून दरसाल करावा लागेल. आजवर हें काम नकळत नदीनें केलें. यापुढें तें जाणून-बुजून माणसास करावयाचें आहे. चापडगांवच्या कांठीं दुर्बीण घेऊन उभ्या राहणाऱ्या रसिकानें थव्यांबरोबर त्यांच्या पायांखालचा गाळहि पाहावा, एवढेंच आमचें सांगणें आहे.