चारकोपचे भूखंड आणि जागतिक बँकेचा शब्द

साम, दान, दंड आणि भेद हे राजनीतीचे चार उपाय आपल्याकडे लहानपणींच पाठ होतात. त्यांत सामाला पहिलें स्थान कां, याचा विचार मात्र फारसा होत नाहीं. अमेरिकेंतील राज्यशास्त्रज्ञ जोसेफ नाय यांनीं 1990 मध्यें ‘सॉफ्ट पॉवर’ ही संज्ञा प्रचारांत आणली. आम्ही तिला येथें सौम्य सत्ता म्हणूं. धाक न घालतां, आपल्याला हवें तेंच दुसऱ्यालाही हवेंसें वाटूं लागावें, हें तिचें लक्षण. तिचीं उदाहरणें म्हणून चित्रपट, विद्यापीठें, वाङ्मय हीं नेहमीं पुढें केलीं जातात. परंतु एखादी संस्था ही सत्ता कशी चालविते हें पाहावयाचें असेल तर मुंबईकराला फार दूर जावयास नको. चारकोपपर्यंत गेलें म्हणजे पुरे.

कांदिवली स्थानकाच्या पश्चिमेस, खाडीच्या अंगाला, सेक्टरांत विभागलेली ही वसाहत 1985 सालच्या मुंबई नागरी विकास प्रकल्पांतून उभी राहिली. जागतिक बँकेच्या आंतरराष्ट्रीय विकास संघटनेनें त्या प्रकल्पासाठीं 13 कोटी 80 लक्ष डॉलरांचें कर्ज मंजूर केलें होतें. त्यावर व्याज नव्हतें, केवळ पाऊण टक्का सेवाशुल्क होतें. त्याच वर्षीं जुलै महिन्यांत सर्वोच्च न्यायालयानें ओल्गा टेलिस खटल्याचा निकाल दिला. पदपथावरील माणसाचा निवारा काढून घेणें म्हणजे त्याची उपजीविका काढून घेणें होय, हें न्यायालयानें मान्य केलें, आणि तरीही त्याला तेथून हलविण्याचा पालिकेचा अधिकार कायम ठेवला. राज्यकर्त्यांपुढील पेंच त्या निकालांत स्वच्छ दिसतो. झोपड्या पाडून संपत नव्हत्या, आणि सर्वांना घरें बांधून देण्याइतका पैसा सरकारपाशीं नव्हता.

बँकेचें उत्तर असें, कीं घर देऊंच नये; भूखंड द्यावा. जमीन, रस्ता, गटार, नळ आणि जोतें सरकारचें. भिंती आणि छप्पर ज्याचें त्यानें आपल्या ऐपतीप्रमाणें चढवावें. म्हाडानें चारकोप, गोराई, मालवणी इत्यादि ठिकाणीं या रीतीनें आखणी केली. मुळांतील संकल्प सुमारें 85,000 भूखंडांचा होता. मोठे भूखंड बाजारभावानें विकून लहान भूखंडांची किंमत उतरविली गेली. पस्तीसएक घरांची एक सहकारी संस्था आणि मध्यें सर्वांचें मिळून अंगण, ही चारकोपची रचना. अंगण ठेवण्याची ही कल्पना आम्हांस सर्वांत शहाणपणाची वाटते, कारण दाटीच्या वस्तींत मुलांना खेळावयास आणि बायकांना पापड वाळविण्यास जागा उरते ती अशीच.

ही विचारसरणी आली कोठून? जॉन टर्नर या इंग्रज वास्तुविशारदानें पेरू देशांत 1957 पासून कित्येक वर्षें काम केलें. गरीब माणूस मोकळ्या जागेवर एकेक खोली वाढवीत जें घर उभें करतो, तें सरकारी घरापेक्षां त्याच्या गरजेला अधिक जुळतें, असें त्याचें मत बनलें. रॉबर्ट मॅक्नमारा अध्यक्ष असतां बँकेनें हें मत उचललें. 1972 मध्यें सेनेगाल देशांत तिनें अशी पहिली योजना घेतली आणि 1977 मध्यें मद्रास शहराला अशाच कामासाठीं कर्ज दिलें. म्हणजे पेरूंतील झोपडीवाल्यांची रीत वॉशिंग्टनला जाऊन तज्ज्ञांचा सिद्धान्त झाली आणि मग कर्जाबरोबर कांदिवलीस आली! आधीं माजघर, मग पैसा हातीं आला कीं पडवी, हें कोंकणांतल्या माणसाला कोणीं शिकवावें लागलें नव्हतें. पण तेंच वॉशिंग्टनहून आलें तेव्हां कचेरींत त्याला मान मिळाला.

बँकेचें खरें बळ आम्ही येथें पाहतों. मुंबईच्या गरजेच्या मानानें रक्कम थोडीच होती. परंतु तिच्यासवें खर्चाची वसुली, हप्ता फेडण्याची ऐपत, जमिनीचा भाडेपट्टा हे शब्द आले आणि सरकारी अधिकारी त्याच शब्दांत विचार करूं लागले. हें केवळ परक्यांनीं लादलें असें म्हणणें मात्र न्यायाचें होणार नाहीं. 1944 मध्यें ब्रेटन वुड्स येथें या बँकेचा पाया घातला गेला, तेव्हां हिंदुस्थानच्या शिष्टमंडळांत रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर आणि ‘मेघदूता’चे मराठी अनुवादक चिंतामणराव देशमुख होते, आणि दरिद्री देशांच्या विकासाचा विचार व्हावा, असा आग्रह त्या मंडळानें तेथें धरला होता.

पुढची हकीकत अधिक विचार करण्याजोगी आहे. 1990 नंतर बँकेचाच या योजनांवरील विश्वास उडाला. कामाला उशीर होतो, जमीन शहराच्या कडेला मिळते, मूळ गरीब भूखंड विकून जातात, असे आक्षेप निघाले. अपयशाचा शिक्का बसला आणि बँक दुसऱ्या मार्गाला लागली. महाराष्ट्रानेंही 1995 मध्यें झोपडपट्टी पुनर्वसनाची निराळी वाट धरली. बिल्डरनें वाढीव चटईक्षेत्राच्या बदल्यांत उंच इमारतींत प्रत्येकी 225 चौरस फुटांचें घर फुकट द्यावें, अशी ती योजना. तो निर्णय निवडणुकीचा आणि जमिनीच्या भावाचा होता, त्याचा दोष बँकेच्या माथीं मारतां येणार नाहीं. तरी चारकोपची बाजू मांडण्याचा उत्साह राज्याच्या धोरणांत उरला नाहीं, हेंही खरें.

मग वीस वर्षांनंतर बँकेशीं संबंध असलेले संशोधक मुंबई आणि चेन्नई येथील या वसाहती पाहावयास परत आले. ओवेन्स, गुल्यानी आणि रिझवी यांचा निबंध 2018 मध्यें प्रसिद्ध झाला. ज्याला आपण अपयश मानलें तें यशच तर नव्हे, असा प्रश्न त्याच्या मथळ्यांतच आहे. घरांवर मजले चढले होते, रस्ते आणि नळ टिकले होते, निरनिराळ्या मिळकतीचीं कुटुंबें शेजारीं नांदत होतीं. कित्येक मूळ धारक विकून गेले, हें त्यांनींही नाकारलें नाहीं. आमच्या मतें ज्याच्या नांवावर पूर्वीं कांहींच नव्हतें, त्याला विकण्याजोगी मालमत्ता मिळाली, हें केवळ नुकसानींत धरतां येत नाहीं. पण ज्या गरिबासाठीं योजना होती त्याची जागा सुखवस्तूनें घेतली, हाही आक्षेप पोकळ नाहीं.

चारकोपचीं जोतीं तींच होतीं. त्यांना अपयश म्हटलें तेंही बँकेनें, आणि यशाची शंका काढली तीही तिच्याच वर्तुळांतील माणसांनीं. मधल्या काळांत तेथील रहिवासी एकेक मजला चढवीत होते. दुसरा अभिप्राय आला तेव्हां मुंबईचें धोरण पहिल्याच अभिप्रायाच्या दिशेनें पुष्कळ पुढें गेलें होतें, आणि चारकोपच्या प्रमाणावर भूखंडांची दुसरी योजना या शहरांत निघाली नाहीं.