कंबरेची गोळी आणि चार आठवडे

गोंदिया जिल्ह्यात रोवणी आटोपली की गटाच्या बैठकीत कर्जाच्या हप्त्याइतकीच कंबरेची चर्चा होते. एकीने आणलेली गोळी दुसरी घेते. अशाच एका गोळीचा इतिहास आज सांगते.

रोफेकॉक्सिब हे सूज आणि दुखणे कमी करणारे औषध १९९९ मध्ये अमेरिकेत विक्रीला आले, पुढे भारतातही. जुन्या औषधांपेक्षा पोटाला त्रास कमी, म्हणून ते खूप खपले. जुनाट कंबरदुखीच्या ६९० रुग्णांवर त्याच्या दोन चाचण्या झाल्या. काहींना औषध दिले, काहींना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी. कोणाला काय मिळाले हे रुग्णालाही ठाऊक नव्हते, डॉक्टरलाही नाही. औषध घेणाऱ्यांना आराम जास्त पडला. पण चाचण्या होत्या फक्त चार आठवड्यांच्या.

धोका कळला तो दुसऱ्याच चाचणीत. मोठ्या आतड्यातल्या गाठी पुन्हा होऊ नयेत म्हणून तेच औषध तीन वर्षे देऊन बघायचे ठरले होते. दीड वर्षानंतर ते घेणाऱ्यांत हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघाताचे प्रमाण जवळपास दुप्पट दिसले. ३० सप्टेंबर २००४ रोजी कंपनीने औषध मागे घेतले. डिसेंबरमध्ये भारताने बंदी घातली.

चाचणी महिनाभराची, आपली कंबर मात्र वर्षानुवर्षे दुखते. आज मिळणाऱ्या डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्याही फार दिवस घेतल्या तर पोट, मूत्रपिंड, हृदयाला त्रास देऊ शकतात. म्हणून बायांनो, एकमेकींची गोळी घेऊ नका. बीपी असेल, दिवस गेले असतील तर आधी सांगा. आणि डॉक्टरांना विचाराच: ही गोळी किती दिवस घ्यायची?