प्रिंटर हरवतो कुठे?

कॉम्प्युटरमधल्या माणसाला नातेवाईक जे प्रश्न विचारतात त्यात पहिला नंबर प्रिंटरचा. "काल चालत होता रे, आज ऑफलाइन म्हणतोय!" कागद आहे, शाई आहे, हिरवा दिवा लागलाय, वायफायचं चिन्हही दिसतंय. आणि लॅपटॉप शांतपणे सांगतो की असा कुठला प्रिंटर इथे नाहीच. नेमकं तेव्हाच सकाळी कुणालातरी परीक्षेला जायचं असतं, हॉल तिकीट छापायचं असतं आणि कोपऱ्यावरचं झेरॉक्सचं दुकान बंद झालेलं असतं.

या दुखण्याच्या मुळाशी जायचं म्हटलं तर एक गंमत हाती लागते. प्रिंटर नेटवर्कला जोडणं ही कुणालातरी मागाहून सुचलेली भानगड नाही. उलट आपलं इथरनेट जन्माला आलं त्यामागे एक मोठं कारण प्रिंटरच होता. आणि "प्रिंटर सापडत नाही" हा प्रश्न १९८५ मध्ये बऱ्यापैकी सुटलेलाही होता. मग आपण तो परत गुंतवून ठेवला.

सुरुवात त्याच झेरॉक्सपासून, ज्या कंपनीचं नाव आपण दुकानांच्या पाट्यांवर क्रियापदासारखं वापरतो. गॅरी स्टार्कवेदर नावाचा इंजिनिअर झेरॉक्सच्या न्यूयॉर्क राज्यातल्या वेबस्टरच्या प्रयोगशाळेत होता. १९६७ च्या सुमारास त्याच्या डोक्यात आलं की कॉपीयरमध्ये मूळ कागदाची प्रतिमा ड्रमवर पाडतात, त्याऐवजी लेझरने थेट ड्रमवरच लिहिलं तर? वरिष्ठांना हे काही पटेना. शेवटी १९७१ मध्ये तो कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोच्या नव्या संशोधन केंद्रात (म्हणजे सुप्रसिद्ध ‘पार्क’मध्ये) गेला आणि वर्षाच्या आत त्याने चालतं यंत्र उभं केलं. सेकंदाला एक पान, इंचाला ५०० ठिपके. १९७१ मध्ये!

आता जरा हिशोब करू. साडेआठ बाय अकरा इंचांच्या अमेरिकन कागदावर इंचाला ५०० ठिपके म्हणजे एका पानाला सुमारे २ कोटी ३४ लाख ठिपके. सेकंदाला ९,६०० बिट नेणाऱ्या साध्या सीरियल वायरने ते पाठवले तर एका पानाला चाळीस मिनिटं. प्रिंटर सेकंदाला एक पान काढायला तयार, आणि वायर ४० मिनिटं घेणार. शिवाय पार्कमध्ये जवळजवळ प्रत्येक टेबलावर एक आल्टो कॉम्प्युटर ठेवायचा बेत होता, आणि प्रिंटर त्या सगळ्यांनी मिळून वापरायचा होता. बॉब मेटकाफने २२ मे १९७३ ला इथरनेटची कल्पना मांडणारा मेमो लिहिला तो या पार्श्वभूमीवर. डेव्हिड बॉग्जबरोबर त्याने बांधलेलं पहिलं इथरनेट सेकंदाला २.९४ मेगाबिट चालायचं. तेही सगळे ठिपके पाठवायला अपुरंच. म्हणून अक्षरांचे ठिपके करायचं काम प्रिंटरच्या बाजूला बसवलेल्या वेगळ्या यंत्रणेकडे दिलं. इथरनेट, आल्टो, रिसर्च कॅरॅक्टर जनरेटर आणि स्कॅन्ड लेझर आउटपुट टर्मिनल, या सगळ्याला मिळून नाव पडलं ‘इअर्स’. म्हणजे कान. नावं ठेवण्यात या मंडळींचा हात कुणी धरू नये :-)

पण तिथे प्रिंटर मोजके, आणि वापरणारे स्वतः नेटवर्क बांधणारे. खरी परीक्षा व्हायची तर ज्याला नेटवर्क म्हणजे काय हेच माहीत नाही असा माणूस हवा. तो पुढे आला १९८५ मध्ये.

त्या वर्षी जानेवारीत ॲपलने लेझररायटर आणला. किंमत ६,९९५ डॉलर. आदल्या वर्षी एचपीने कॅननचं तेच आतलं इंजिन वापरून ३,४९५ डॉलरला लेझरजेट काढला होता, म्हणजे ॲपलचा जवळजवळ दुप्पट! कारण त्याच्या पोटात अडोबीची पोस्टस्क्रिप्ट चालवणारा एक आख्खा कॉम्प्युटर होता, १२ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि दीड एमबी मेमरी असलेला. तो ज्या मॅकिंटॉशला जोडायचा त्या मॅकपेक्षा ताकदवान. एवढा महाग प्रिंटर एकट्याने कोण घेणार? चार-सहा जणांनी वाटून वापरला तरच परवडणार. म्हणून नेटवर्क हवं. आणि छोट्या ऑफिसात नेटवर्क सांभाळायला वेगळा माणूस नसतो, म्हणून ते स्वतःच स्वतःला सांभाळणारं हवं.

ॲपलटॉकने हे कसं केलं ते मला आजही फार आवडतं. यंत्र चालू झालं की ते स्वतःच एक नंबर निवडायचं आणि वायरवर ओरडून विचारायचं, "हा नंबर कुणाचा आहे का?" कुणी बोललं नाही तर नंबर आपला. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तस्सं. पण खरी हुशारी पुढे आहे. मॅकवर ‘चूजर’ उघडला की तो वायरवर हाक मारायचा, "लेझररायटर जातीचं कोण कोण आहे?" मग प्रत्येक प्रिंटर आपापलं नाव सांगायचा. त्यातला तुम्ही एक निवडला की मॅक त्याचं नाव लक्षात ठेवायचा. नंबर नाही! छापायची वेळ आली की त्या नावाने पुन्हा हाक, आणि आज जो नंबर असेल तो घ्यायचा. उद्या नंबर बदलला तरी कुणाला पत्ताही लागत नसे. सर्व्हर नाही, ॲडमिन नाही, एकही आकडा टाइप करायचा नाही.

मग हे गेलं कुठे?

त्याला आयपी आडवं आलं. आयपीचा जन्म दूरदूरची नेटवर्कं एकमेकांना जोडायला झाला. त्यात पत्ते कुणीतरी जबाबदार माणूस वाटून देणार आणि नावांसाठी कुणीतरी डीएनएस सर्व्हर चालवणार हे गृहीतच. युनिक्सवाल्यांचं छपाईचं प्रकरणही याच वळणाचं, प्रिंटर कुठल्या मशीनवर आहे ते फाइलीत लिहून ठेवायचं. १९९१ मध्ये एचपीचं जेटडायरेक्ट कार्ड आलं आणि लेझर प्रिंटर थेट नेटवर्कवर बसायला लागला. ९१०० नंबरच्या पोर्टवर बाइट ओतायचे, छापून येतात. इतकं सोपं की आजही चालतं. पण पत्ता आधी तुम्हाला माहीत हवा. मोठ्या ऑफिसात हे खपून गेलं. तिथे सिस्टिम ॲडमिन असतो आणि त्याच्या एक्सेल शीटमध्ये सगळे पत्ते असतात. त्या ॲडमिन मंडळींचा ॲपलटॉकवर रागही होता, कारण ही यंत्रं सतत एकमेकांना हाका मारत बसायची आणि मोठ्या नेटवर्कवर तो गोंगाट महागात पडायचा. नव्वदच्या दशकात आयपी जिंकलं आणि ते जिंकायलाच हवं होतं, पण ॲपलटॉकमधली जी एक गोष्ट उचलायची होती ती तेवढी मागे राहिली.

वर १९९३ मध्ये डीएचसीपी आलं. म्हणजे पत्ते भाड्याने. लॅपटॉपसाठी झकास, कारण लॅपटॉपला कुणी शोधत येत नाही, तोच सगळ्यांकडे जातो. प्रिंटरचं उलटं आहे, त्याच्याकडे लोक येतात. आता बघा, विंडोजमध्ये ‘टीसीपी/आयपी पोर्ट’ करून प्रिंटर जोडला की अनेकदा आकडाच साठवला जातो. लाइट जाते, राउटर पुन्हा सुरू होतो, कुणाला कुठला नंबर दिला होता हे बरेच घरगुती राउटर विसरलेले असतात. प्रिंटरला नवा नंबर मिळतो. भाडेकरू बदलला आणि पोस्टमन जुन्याच दारावर टकटक करतोय. "काल चालत होता" या वाक्याचा उगम बऱ्याच वेळा हा असतो.

हे ज्याला सर्वात जास्त खुपलं तो म्हणजे स्टुअर्ट चेशायर. मॅकवरचा ‘बोलो’ हा नेटवर्कवर खेळायचा रणगाड्यांचा गेम याचाच. १९९७ मध्ये, स्टॅनफर्डला असताना, त्याने मुद्दा मांडला की ॲपलटॉक जगवत बसण्यापेक्षा त्याचा सोपेपणा आयपीमध्ये आणा. पुढच्या वर्षी तो ॲपलमध्ये गेला. १९९९ मध्ये आयईटीएफमध्ये ‘झीरोकॉन्फ’ गट सुरू झाला. स्वतःच घेतलेला पत्ता, सर्व्हरशिवाय नाव आणि "छापणारं कोण आहे?" अशी हाक, हे तेच जुने तीन तुकडे. ऑगस्ट २००२ च्या मॅक ओएस टेन १०.२ मध्ये ते ‘राँदेवू’ नावाने आले, २००५ मध्ये नाव बदलून ‘बाँझूर’ झालं. आणि नाव शोधण्याच्या भागांची अधिकृत मानकं प्रसिद्ध झाली फेब्रुवारी २०१३ मध्ये! तोवर मॅकमधून खुद्द ॲपलटॉकलाच निरोप देऊन (२००९) झाला होता आणि फोनवरून छापणारं एअरप्रिंट (२०१०) याच हाकांवर चालायला लागलं होतं. विंडोजने दरम्यान स्वतःची वेगळी हाक तयार केली होती. एका खोलीत दोन भाषांत आरडाओरडा.

मग आता तरी प्रिंटर का हरवतो? कारण हाक मारायला हवा आली. वायरवरच्या इथरनेटमध्ये एकाने ओरडलं की सगळ्यांना ऐकू जायचं. वायफायमध्ये एकाच यंत्राला पाठवलेलं पाकीट पोचलं नाही तर परत पाठवतात, पण सगळ्यांना उद्देशून मारलेली हाक साधारणपणे एकदाच जाते, पोच कुणी देत नाही. झोपलेल्या प्रिंटरने ती ऐकली नाही तर नाही. गेस्ट नेटवर्कवर तर यंत्रांना एकमेकांशी बोलूच देत नाहीत. आणि आपल्याकडची खास गोष्ट म्हणजे दोन राउटर. इंटरनेट कंपनीने दिलेला डबा, आणि त्याच्या मागे आपण हौसेने घेतलेला दुसरा. प्रिंटर एकावर, लॅपटॉप दुसऱ्यावर. हाक भिंतीपलीकडे जातच नाही.

तेव्हा पुन्हा काही हरवलं तर ड्रायव्हर काढून टाकायच्या आधी प्रिंटरच्या बटणांवरून (किंवा मेनूतून) त्याचं नेटवर्क माहितीचं पान छापा. त्यावर आयपी पत्ता असतो. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर प्रिंटरने स्वतःच रुमाल टाकलाय, राउटरने त्याला काही दिलेलं नाही. बहुतेक वायफायचा पासवर्ड बदललाय. पत्ता १९२.१६८ चा आहे पण तिसरा आकडा लॅपटॉपपेक्षा वेगळा, तर दोन राउटरांचं प्रकरण. आणि सगळं जुळतंय तरी छापत नाही, तर लॅपटॉपच्या सेटिंगमधला पत्ता या पानाशी ताडून बघा, शिळा असण्याची शक्यता दाट आहे. तो प्रिंटर काढून टाकून नव्याने जोडताना आकड्याऐवजी ‘डॉट लोकल’वालं नाव द्या, आणि राउटरमध्ये जाऊन डीएचसीपी रिझर्वेशनने त्याचा नंबर कायमचा बांधून टाका.

जाता जाता, प्रिंटरच्या नावाच्या जागी कंपनीने घातलेलं मॉडेलचं लांबलचक नाव बदलून टाका. २०१३ च्या त्या मानकात यादीत दिसणारं नाव युनिकोडमध्ये, ६३ बाइटपर्यंत चालतं. देवनागरीच्या एकेका चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे ‘हॉलमधला प्रिंटर’ हे नाव ४३ बाइटमध्ये आरामात बसतं. प्रिंटरचं सेटिंगचं पान ते स्वीकारेल की नाही, ते मात्र ज्या कंपनीने बनवलाय तिच्यावर.