एका जिल्ह्यांतील दोन उत्तरें

बिशप म्हणजे कोण, या प्रश्नाचा चांद्याच्या अरण्याशीं काय संबंध, असें वाचक सहज विचारतील. संबंध आहे, आणि तो पंगतीचा आहे.

सारे प्रॉटेस्टंट एकच, असा आपल्यांतील सुशिक्षितांचाही समज असतो. चांद्यास मिशन चालविलें तें स्कॉटलंडच्या एपिस्कोपल मंडळीनें. इंग्लंडांत बिशपांची संस्था राजमान्य. स्कॉटलंडांत राजमान्य संस्था बिशपांवांचून, वडिलांच्या सभेनें चालणारी. १७४५ च्या बंडानंतर स्टुअर्ट घराण्याच्या कैवारामुळें या एपिस्कोपल लोकांवर कडक कायदे झाले; ते १७९२ त रद्द झाले. राजाश्रय गेला तरी बिशप त्यांनीं सोडला नाहीं. प्रेषितांपासून अखंड चालत आलेला हात मस्तकावर पडल्याखेरीज प्रभुभोजन देण्याचा अधिकार येत नाहीं, ही त्यांची श्रद्धा. १८४५ पासून नागपुरास काम करणारे हिस्लॉप हेही स्कॉटिश. पण ते १८४३ त सरकारी हस्तक्षेपाला कंटाळून फुटलेल्या फ्री चर्चचे, आणि त्यांना बिशपच नको!

जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकास, प्राणहिता-गोदावरीच्या संगमाजवळ, सिरोंच्यास अमेरिकन मेथॉडिस्ट आले. त्यांच्यांत बिशप आहे. पण तो निवडून दिलेला अधिकारी, निराळ्या दीक्षेचा पुरुष नव्हे. खुद्द वेस्ली बिशप नव्हता. तरी १७८४ त त्यानें अमेरिकेसाठीं स्वतःच्या हातानें दीक्षा दिली.

आतां सिरोंच्याचा मेथॉडिस्ट कचेरीच्या कामासाठीं शंभर मैलांहून अधिक वाट तुडवून चांद्यास आला आणि रविवारीं देवळांत गेला, अशी कल्पना करा. बिशपाकडून दृढीकरण झाल्यावांचून प्रभुभोजन नाहीं, हा अँग्लिकन प्रार्थनाग्रंथाचा नियम. नियमाप्रमाणें पाहूं गेल्यास त्यानें भाकरीद्राक्षारसावांचून परतावें. ज्यांनीं पंक्तिभेदावर आमच्या समाजाला इतकें सुनावलें, त्यांच्याच घरची ही गोष्ट.

२९ नोव्हेंबर १९७० रोजीं नागपुरास सहा मंडळ्या एक होऊन उत्तर भारताची मंडळी स्थापन झाली. सर्वांच्या दीक्षितांवर पुन्हा हात ठेवण्यांत आले. त्यानें कोणाच्या दीक्षेंतील कोणती उणीव भरली, हें मुद्दामच सांगितलें नाहीं. बालकांचा बाप्तिस्मा आणि प्रौढांचा, दोन्ही मान्य झाले. मला ही संदिग्धता शहाणपणाची वाटते. कांटेकोर पंडितांस ती पळवाट वाटली. चांदें या ऐक्यांत आलें. अमेरिकन परंपरेचे मेथॉडिस्ट मात्र कांहीं महिने आधीं माघारले. निव्वळ तत्त्वच आड आलें असें मी म्हणणार नाहीं. जगभरच्या मेथॉडिस्टांशीं असलेलें नातें त्यांना सोडवेना. सिरोंचें बाहेर राहिलें, आणि १९८२ त गडचिरोली जिल्हा वेगळा झाला तेव्हां तें सरकारदरबारींही चांद्यापासून तुटलें.