सुमोचे पितळी बुश आणि टेल्कोची अकरा वर्षं

टाटांच्या जुन्या डिझेल इंजिनांची नावं आमच्यासारख्या कोड लिहिणाऱ्या लोकांना आवडावीत अशी आहेत. ४९७ म्हणजे चार सिलिंडर आणि ९७ मिलिमीटरचा बोअर. ६९७ म्हणजे सहा सिलिंडर, बोअर तोच. ४८३ म्हणजे चार सिलिंडर, ८३ मिमी. व्हेरिएबलचं नाव वाचलं की आत काय आहे ते कळावं, तसं. शंका असेल तर कॅल्क्युलेटर काढा : ९७ चा बोअर, १०० चा स्ट्रोक, चार सिलिंडर. उत्तर २९५६ सीसी येतं, आणि माझ्या २००९ च्या सुमो व्हिक्टाच्या कागदांवरही हाच आकडा आहे.

आता हा ९७ आला कुठून? टेल्कोने १९५४ साली डाइमलर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार केला आणि जमशेदपूरला मर्सिडीजचे ट्रक बनायला लागले. मर्सिडीजच्या ओएम ३५२ या इंजिनाचा बोअर ९७ आणि स्ट्रोक १२८. टाटांच्या ६९७ चाही तोच, दोन्ही ५६७५ सीसी. १९६९ ला करार संपला, बॉनेटवरचा तीन टोकांचा तारा गेला, तिथे 'टी' आला. आकडा मात्र राहिला. म्हणजे मी रोज मोशीहून तळवड्याला ऑफिसला जातो ती गाडी नात्याने एका जर्मन ट्रकची लांबची पुतणी लागते :-)

असो. मुद्दा इंजिनाचा नाही. सव्वा लाखात घेतलेली, उत्पादन बंद झालेली गाडी रोजच्या वापराला लावायचं धाडस मी पिंपरी-चिंचवडमध्ये करू शकलो, दुसऱ्या शहरात केलं नसतं. असं का, हे शोधायला गेलं की साठ वर्षं मागे जावं लागतं.

पिंपरीत १९५४ ला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आलं होतं. १९६२ ला एमआयडीसी स्थापन झाली, भोसरीची वसाहत उभी राहिली. टेल्को पुण्यात आली १९६६ ला, सुमंत मुळगावकरांच्या काळात. आणि आल्यावर तिने ट्रक बनवले नाहीत! पुण्यातून पहिलं व्यावसायिक वाहन बाहेर पडलं १९७७ ला. मधली अकरा वर्षं काय चाललं होतं? तर मशीन बनवणारी मशीन बनवणं. पत्रा दाबायच्या डाय, मशीन टूल्स, जिग्ज-फिक्स्चर्स, संशोधन केंद्र आणि शिकाऊ पोरं तयार करणं. आजच्या भाषेत बोलायचं तर प्रॉडक्टच्या आधी कंपायलर लिहायला घेतला. आमच्या मॅनेजरने हे ऐकलं तर त्याला चक्कर येईल.

हे सगळं निव्वळ दूरदृष्टीने झालं असं म्हणायला छान वाटतं, पण तो काळ परकीय चलनाच्या टंचाईचा होता. मशीन बाहेरून आणायचं तर परवाना, आणि परवाना म्हणजे दिल्लीच्या फेऱ्या. गरजही होतीच. पण गरज सगळ्याच कारखान्यांना होती, त्यावर अकरा वर्षं घालवायची तयारी सगळ्यांची नव्हती. मुळगावकर साहेबांचं मोठेपण मला तिथे दिसतं. ढाब्यावर ट्रक ड्रायव्हरांबरोबर जेवण्याची ती व्हॉट्सअॅपवाली गोष्ट खरी असो नाहीतर खोटी, तिची गरज नाही.

पुढचा इतिहास पटकन सांगतो. १९८६ ला ४०७. मग टाटामोबाइल पिकअप, आणि तिच्याच सांगाड्यावरून १९९१ ला सिएरा, १९९२ ला इस्टेट, १९९४ ला सुमो. सुमो हे नाव सुमंत मुळगावकर या नावाच्या दोन अक्षरांवरून. ते स्वतः १९८९ लाच गेले होते. १९९७ पर्यंत एक लाख सुमो बनल्या. पुढाऱ्यांच्या ताफ्यात सुमो, पोलिसांकडे सुमो, गावाकडे वडापला सुमो. २०१९ ला ती बंद झाली.

यात एक गोष्ट सहज निसटते. सुमो ही कारच्या पोशाखातली पिकअप आहे. खाली शिडीसारखी चासी, मागे पाटे, आणि माझ्या व्हिक्टात तर ४०७ च्या घराण्यातलं इंजिन. म्हणून सुमो बंद झाली तरी तिचे बरेच पार्ट मरत नाहीत. भाजी, विटा, सिलिंडर वाहणाऱ्या गाड्या त्यांना जिवंत ठेवतात. क्लचप्लेट, ब्रेक लायनर, बॉल जॉइंट, पाट्यांचे बुश हे सगळं मला चिंचवडला दोन दुकानांत मिळालं. रेडिएटरची जाळी नवी भरून घेतली. फ्लोअरचा पत्रा दोन ठिकाणी पावसाळ्यांनी खाल्ला होता, तिथे ठिगळ. सगळे मिळून त्रेचाळीस हजार, चार शनिवार.

अडलं ते ड्रायव्हरच्या दारापाशी. दार खाली आलं होतं, उचलून लावावं लागायचं. बिजागरीची पिन आणि बुश पंधरा वर्षांत झिजलेले. नवी बिजागरी दुकानात नव्हती. मिस्त्री म्हणाला, "भोसरीला काकांकडे जा."

काका म्हणजे पत्र्याच्या शेडमध्ये एकच लेथ घेऊन बसलेले टर्नर. टेल्कोत अप्रेंटिस म्हणून शिकलेले. त्यांनी जुनी पिन व्हर्नियरमध्ये धरली, मग बिजागरीचं भोक मोजलं, मग माझ्याकडे बघून म्हणाले, "भोक लंबगोल झालंय. मोठं करून बुश बसवू. पितळी घालू का?" ड्रॉइंग नाही, काही नाही. पाऊण तासात दोन पिना, चार बुश. साडेचारशे रुपये. दार आता एका बोटाने लागतं.

मी विचारलं, इतकं बारीक मोजायला कुठे शिकलात? "तिथंच. पहिले काही महिने नुसती कानस दिली हातात. चौकोन घासा म्हणाले. मशीनला हात लावू देत नव्हते."

ती अकरा वर्षं कुठे गेली, याचं उत्तर त्या शेडमध्ये आहे. कारखान्यासाठी तयार केलेलं कसब भिंतीच्या आत मावलं नाही. सुटे भाग पुरवणाऱ्या छोट्या युनिटांतून ते गल्लोगल्ली पसरलं, आणि त्यावर आज माझ्यासारख्यांच्या जुन्या गाड्या चालतात.

चाकणची गोष्ट वेगळी. तिथे फोक्सवॅगनचा कारखाना २००९ ला सुरू झाला, पाठोपाठ महिंद्राचा. २०११ ची एक्सयूव्ही ५०० तिथली. पण हा परवान्यांच्या नंतरचा जमाना. सीट, डॅशबोर्ड, वायरिंग सगळं जुळवलेल्या अवस्थेत पुरवठादाराकडून येतं आणि लाइनवर बसतं. गाडी बिघडली की तसंच आख्खं बदलायचं. गाड्या जास्त सुरक्षित आहेत, धूर कमी करतात, हे मान्यच. माझी बीएस-३ डिझेल बीएस-६ च्या शेजारी उभी केली तर मलाच ओशाळल्यासारखं होतं, म्हणून पीयूसी आणि नोझलची तपासणी मी चुकवत नाही. पण कंट्रोल युनिटच्या आत काय आहे ते व्हर्नियरने मोजता येत नाही. काकांचा मुलगा चाकणला वेल्डिंगचे रोबो सांभाळतो. लेथवर बसत नाही. "त्याला पगार चांगलाय," काका म्हणाले, तक्रारीच्या सुरात नाही.

कुणाला हा उद्योग करायचाच असेल तर हिशोब असा : खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते, मग दर वेळी पाच वर्षांची मुदत मिळते. नूतनीकरणाची फी पूर्वी सहाशे होती, एप्रिल २०२२ पासून पाच हजार झाली. पर्यावरण कर वेगळा. दिल्लीत दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवर २०१५ पासून जशी संक्रांत आली तसा नियम आपल्याकडे नाही. माझे कागद २०२९ पर्यंत आहेत. गाडी बघताना रंग बघू नका. खाली आडवे व्हा, चासीला हातोडीने ठोकून आवाज ऐका. इंजिन दुरुस्त होतं, कुजलेली चासी होत नाही.

मागच्या दाराच्या बिजागऱ्याही तशाच झिजल्यात. काकांकडे जुन्या पिना ठेवून आलोय. पुढच्या शनिवारी बोलावलंय, सकाळी दहाच्या आत. गुरुवारी भोसरीत लाइट नसते, त्यामुळे त्यांची कामं शनिवारवर येतात म्हणे.