जुन्या मोटारीचें नवें बळ

हातीं आलेलें यंत्र आहे त्याहून अधिक जोरानें चालावें, अशी इच्छा मनुष्यास होतेच. नागपुरांत धंतोलीसारख्या जुन्या वस्तींत पंधरा-वीस वर्षें वापरलेल्या लहान मोटारी अजून अनेक घरांच्या फाटकांत उभ्या दिसतात. २०२२ च्या डिसेंबरांत समृद्धि महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला आणि २०२५ च्या जूनमध्यें ७०१ किलोमीटरांचा तो सबंध रस्ता पुरा झाला. असा रस्ता दाराशीं आल्यावर ‘आपल्या जुन्या हॅचबॅकचें इंजिन जरा जोरदार करून घ्यावें काय?’ हा प्रश्न घरांत निघावा, हें साहजिक आहे. मुलगा वेगाकडे पाहतो, वडील खर्चाकडे. लहान मोटारींचा इतिहास चाळला तर दोघांच्याही उपयोगीं पडेल असें पुष्कळ त्यांत सांपडतें, असें आम्हांस वाटतें.

१९५९ सालीं इंग्लंडांत मिनी नांवाची लहान मोटार निघाली. तिचें इंजिन ८४८ घन सेंटिमीटरांचें आणि बळ अवघें ३४ अश्वशक्तीचें होतें. शर्यतीच्या मोटारी बांधणारे जॉन कूपर यांना तींत अधिक कांहीं दिसलें. १९६१ च्या मिनी कूपरमध्यें इंजिन ९९७ घन सेंटिमीटरांचें झालें, एका कार्ब्युरेटरच्या जागीं दोन आले आणि बळ ५५ अश्वशक्तीवर गेलें. परंतु त्याच वेळीं पुढच्या चाकांना डिस्क ब्रेकही बसले, ही गोष्ट उत्साही लोक विसरतात. १९७६ सालच्या जर्मन गोल्फ जीटीआय या हॅचबॅकचीही कथा अशीच आहे. तिला ११० अश्वशक्तीचें इंजिन देणाऱ्यांनीं स्प्रिंगा व ब्रेकही त्या बळास साजेसे केले. यांतलें गणित सोपें आहे. वेग ताशीं ६० किलोमीटरांवरून ८० झाला तर तो एकतृतीयांशानेंच वाढतो. पण गाडी थांबवितांना ब्रेकांस जी ऊर्जा पचवावी लागते, ती जवळजवळ पावणेदोनपट होते.

आपल्याकडे १९८३ च्या डिसेंबरांत मारुति ८०० रस्त्यावर आली. तिचें तीन सिलिंडरांचें इंजिन ७९६ घन सेंटिमीटरांचें आणि बळ चाळीस अश्वशक्तीच्या आंतलें. २००० सालीं आल्टो आली, तिचेंही इंजिन नेमकें तेवढ्याच मापाचें. पण प्रत्येक सिलिंडरास दोहोंऐवजीं चार व्हॉल्व्ह असल्यामुळें बळ ४६ अश्वशक्तीपर्यंत चढलें. इंजिन मोठें झालें नाहीं. त्याचा श्वास मोकळा झाला.

महाराष्ट्रांतलें उदाहरण पुण्याजवळच्या पिंपरीच्या इंडिकेचें. ती १९९८ च्या अखेरीस आली आणि गिऱ्हाइकांच्या तक्रारीही पाठोपाठ आल्या. कारखान्यानें २००१ सालीं व्ही-२ ही सुधारलेली आवृत्ति काढून आधीं त्या दोषांचा बंदोबस्त केला. डिझेल इंजिनास टर्बोचार्जरचें बळ त्यानंतर मिळालें. आधीं दोष काढावे, मग बळ वाढवावें, हा क्रम धंतोलींतील गृहस्थासही तसाच लागू आहे.

इंधन जळण्यास हवा लागते. म्हणून जितकी अधिक हवा सिलिंडरांत जाईल तितकें अधिक इंधन जाळतां येईल. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यानें १९०५ सालीं पेटंट घेतलेला टर्बोचार्जर हेंच करतो: बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर हवा दाबून आंत भरतो. मात्र उन्हाळ्यांत नागपूरचा पारा ४५ अंशांवर चढतो, आणि १५ अंशांच्या हवेच्या मानानें ही हवा शेंकडा नऊ टक्क्यांनीं विरळ असते. बाजारांत मिळणारा शंकूच्या आकाराचा उघडा एअर फिल्टर बॉनेटाखालच्या तापलेल्या जागेंतच हवा ओढूं लागला, तर पैसे देऊन बळ घटविल्यासारखें होतें. मूळ पेटीच्या नळीनें बाहेरची थंड हवा येत असेल, तर ती पेटी ठेवून आंतली जाळी नवी घालणें बहुधा अधिक शहाणपणाचें.

टर्बोचार्जर मागाहून बसविण्याचा मोहही टाळावा. पेट्रोल-इंजिनांत दाब वाढला कीं उष्णता वाढते, मिश्रण अवेळीं पेट घेतें आणि पिस्टन फुटूं शकतात. ज्या यंत्राच्या रिंगा झिजल्या आहेत, त्यास तर हा भार मुळींच सोसावयाचा नाहीं.

सायलेन्सर बदलण्याची हौस सर्वांत मोठी आणि लाभ सर्वांत थोडा. धंतोली ही आज रुग्णालयांची वस्ती आहे. रुग्णालयांभोवतीं शंभर मीटरांचें शांतता-क्षेत्र ठरविण्याची तरतूद २००० सालच्या नियमांत आहेच. पण नियम नसता तरी खिडकीपलीकडे कोणी आजारी निजला आहे, एवढें कारण पुरेसें होतें. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम निर्मात्यानें ठरविलेल्या मूळ तपशिलांत मनमानी फेरफार करूं देत नाहीं. आणि पंधरा वर्षांनंतर नोंदणी वाढवितांना गाडी तपासणीस न्यावीच लागते. अशा फेरफाराची वार्ता विमा कंपनीपासून लपविली, तर अपघाताच्या वेळीं भरपाईच अडचणींत येते.

मग निवडावें काय? प्रथम मिस्त्रीकडून सिलिंडरांतील दाब मोजून घ्यावा. तो उतरला असेल तर व्हॉल्व्ह आणि रिंगा यांवर खर्च करावा. प्लग, इंधनाचे फवारे, क्लच आणि रेडिएटर पाहावे. पुष्कळदां हरवलेलें बळ येथेंच परत मिळतें. मग ब्रेक आणि टायर: महामार्गावर तासन्‌तास धांवतांना जुना, कडक झालेला टायर हाच पहिला शत्रु. एवढें झाल्यावर हौस उरली, तर जाळीसारखे लहान, कायदेशीर बदल करावे. आणि एवढ्यावरही समाधान होत नसेल, तर मूळचेंच बळकट इंजिन असलेली दुसरी गाडी घेणें स्वस्त पडेल. कारण तिचे ब्रेक त्याच बळाच्या हिशेबानें केलेले असतात.